रक्त लगेच थांबलं तेव्हा

विळा लागून बोट कापलं आणि रक्त लगेच थांबलं, तर कुणालाही बरंच वाटेल. मला मात्र दरदरून घाम फुटला.

नव्वद सालानंतरची ती सुगी. आदल्या वर्षी यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज संध्याकाळी, तीही जन्मभर, असं बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या गोळीमुळे दाढी करताना जरा कापलं तरी यांचं रक्त ओघळतच राहायचं. आणि त्या सकाळी मी न्याहारी घेऊन शेतावर पोचले, तर यांची करंगळी विळ्यानं चांगली खोल चिरलेली, आणि मी चिंधी बांधेपर्यंत रक्त बंद!

"नशीबवान हाय बगा, लगीच थांबलं," शेजारीण कौतुकानं म्हणाली.

मी यांना बांधाआड नेलं. "गोळ्या कवापास्नं बंद केल्यासा?"

"कापणी लागल्यापास्नं." हे खाली बघत म्हणाले. "सावडीला घरटी एक माणूस द्याय लागतोय. इळा लागून रगात थांबंना झालं तर मला कोण संगट घेणार? आनि आपण गेलो न्हाई तर आपलं भात कापाय कोण येणार?"

आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी आमची सावड. यांचा हिशेब बिनचूक होता, फक्त त्यात स्वतःचा जीव धरायचा राहिला होता. माझा नुसता संताप झाला.

मिळेल त्या बसनं बेळगाव गाठलं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, यंत्रावर झडप बघितली. मी देवाचं नावसुद्धा विसरले होते.

"झडप मोकळी आहे," ते म्हणाले. "थोडक्यात वाचलात. आजपासून गोळी परत सुरू."

मला रडू कोसळलं. मग बाहेर येऊन चारचौघांत यांना फैलावर घेतलं, तेव्हा कुठं बरं वाटलं.

"उद्यापास्नं सावडीला मी जाणार. गुरं आनि सैपाक तुमच्याकडं."

"लोक हसतील की गं."

"हसू देत. हसून घ्याय तुमी जित्ते असलासा म्हंजे झालं."

यांनी दवाखान्याच्या माठातलं पाणी आणून गोळी घेतली, आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.