सहीच्या आधीची कोरी चिठ्ठी

त्या आठवड्यात मी गडावरच्या देवीआईवर इतकी रुसले होते की तिचं नावही घेत नव्हते. अंबडच्या कारखान्यातून परतताना ह्यांची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला जबर मार बसला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. माझ्याकडे बघून ओठ हलवायचे, शब्द यायचा नाही, मग डोळ्यांतून पाणी. घरी बोलून बोलून माझं डोकं खाणारा हा माणूस! त्याच्या एका शब्दासाठी मी आसुसले होते.

अशात डॉक्टरबाईंनी बोलावलं. मेंदूला मार लागलेल्यांची वाचा परत यावी म्हणून एका औषधावर संशोधन चालू होतं. काही रुग्णांना ते इंजेक्शन, काहींना तसंच दिसणारं मिठाचं पाणी. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. कोणाला काय मिळतंय हे आम्हालाच काय, त्यांनाही कळणार नव्हतं, ते कॉम्प्युटर ठरवणार. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो, आणि नाही म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. मला मात्र संताप आला. माझ्या नवऱ्याच्या वाचेची काय सोडत काढायची?

घोटीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आईपुढं चिठ्ठ्या टाक. तीच सांगंल." आमच्याकडे अडल्या वेळी अशा चिठ्ठ्या टाकतात: एक होची, एक नाहीची, एक कोरी. उचलायची मात्र घरच्याने नाही, परक्या माणसाने. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून दवाखान्याच्या जिन्याजवळच्या देवीच्या तसबिरीपुढे मी चिठ्ठ्या ठेवल्या आणि बाकावर बसलेल्या एका बाईंना विनंती केली. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि एक चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली. कोरी निघाली.

मला रडू कोसळलं. "बघा, आईनेसुद्धा तोंड फिरवलं."

"आगं, कोरी म्हंजी तुझं तू ठरव, मी पाठीशी हाय," सासूबाई म्हणाल्या. पण ते माझ्या मनाला पटेना.

त्या बाईंनी कसली चिठ्ठी म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांचे मालकही त्याच संशोधनात होते.

"आमच्या मान्साला अजून काय गुण नाय, ताई," त्या म्हणाल्या. "औषध मिळालं का पाणी, देवाला ठावं. पन सही केली त्याचं वाईट नाय वाटत. आमच्यावरून डाक्टरला काय उमगलं, तर मागून येनाऱ्याला लय कामी येईल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. देवीपुढे उभं राहायचं ते मागायला, एवढंच मला ठाऊक. ही बाई माझ्याइतकीच अडलेली, आणि तरी देऊन मोकळी झाली होती. माझा राग कुठे गेला कळलं नाही. ह्यांच्या उशाशी जाऊन सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघत होकाराची मान हलवली आणि मी सही केली.

पुढे काही महिने इंजेक्शनं झाली, बोलण्याचे व्यायाम झाले. एका सकाळी मी चहाची बशी पुढे धरली, तर हे म्हणाले, "गरम." बशी तशीच खाली ठेवून मी ढसाढसा रडले. नंतर एकेक शब्द येत गेला, अडखळत, उलटसुलट, पण येत गेला.

त्या बाईंचे मालक मात्र गेले. वॉर्डातल्या मावशींकडून कळलं, तोवर त्या गावी निघून गेल्या होत्या. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं.

ह्यांना औषध मिळालं की पाणी, मला अजून माहीत नाही. ते एक दिवस कळेल. कळलं तरी आईचे उपकार त्याने कमी-जास्त होणार नाहीत. निकाल तिच्यावर सोपवायचा, पण सही आपण करायची, एवढं मला त्या बाकावर समजलं.

ह्यांचा उजवा हात अजून वर येत नाही. संध्याकाळी दिवा लावला की मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहते आणि त्यांच्या डाव्या तळव्याला माझा उजवा तळवा जोडते. आधी त्या बाईंसाठी, मग आमच्यासाठी, दोघांचा मिळून एक नमस्कार होतो.