सप्तमीची भरती

“आदी बग, मंग हात लाव,” असं म्हणून दादा दोन्ही हात काखेत खुपसून स्क्रीनसमोर बसायचे. संगणक अडला की आपण आधी चार बटणं दाबतो, तुम्हीही दाबत असाल. दादांना ते बघवत नसे.

वसई स्टेशनाजवळ आमचं वेबसाइट बनवण्याचं छोटं ऑफिस होतं. दादा पाचूबंदरचे. घरची होडी धाकट्या भावावर सोपवून ते आमचा सर्व्हर सांभाळायला आले होते. मी तिथे नवखा.

त्या वर्षी रोज वेगवेगळ्या वेळी सर्व्हरवर एकाएकी ताण यायचा आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट बंद पडायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरळीत. मालकांनी खापर माझ्यावर फोडलं. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर दुसरी नोकरी बघ, असं सांगूनच टाकलं. मी रोज काहीतरी बदलत होतो आणि रोज तोंडघशी पडत होतो.

दादांनी मला फक्त वेळा लिहून ठेवायला लावल्या. गुरुवारी सकाळी तो कागद घेऊन ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभे राहिले. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार.

“आज सप्तमी. सव्वापाचला बग,” एवढंच म्हणाले.

सव्वापाचला सर्व्हर झोपला.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाचूबंदरची पोरं हे शाळेत जायच्या आधी शिकतात. भरतीला होड्या बंदराला लागतात. कोणती होडी परत आली ते दाखवणारं पान तिथल्या मच्छीमार सोसायटीसाठी मीच बनवलं होतं. आखातात कामाला गेलेली माणसं भरतीच्या सुमारास ते उघडायची, आपली होडी दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडायची, आणि दर वेळी माझा प्रोग्राम वर्षभराच्या नोंदी नव्याने चाळत बसायचा. एवढीशी साइट कोण बघतंय, म्हणून तिच्या भेटींची नोंदही मीच बंद करून ठेवली होती.

मी ओशाळून विचारलं, पान काढून टाकू का?

“काडू नको. घरचा मानूस पान्यात असला का दुसरं काय सुचत नाय.”

मग मी फक्त त्या दिवसाच्याच नोंदी वाचायची सोय केली. शुक्रवारी अष्टमी, भरती सहाला. सर्व्हर जराही अडखळला नाही. दादांनी मालकांना कारण सापडलं एवढंच कळवलं, चूक कोणाची ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढा मोठा माणूस मी जवळून पाहिलेला नाही.

पुढे दादाही आखातात गेले. त्या साइटच्या भेटींची नोंद मी आता चालू ठेवली आहे. भरतीच्या वेळी तिकडून कोणीतरी एकच होडी शोधत असतं, दादांच्या भावाची. मी हात काखेत घालून बघत बसतो. पानावर होडीचं नाव लागतं, त्या भेटी थांबतात. मग मीही घरी निघतो.