शब्दावर उचललेली मयत

कुठंही दोन माणसं तावातावानं बोलायला लागली की आबा त्यांच्या मध्ये जाऊन उभे राहायचे, दोन्ही हात आडवे पसरायचे आणि म्हणायचे, "मी मधी हाय न्हवं? मग कावून वरडता?" संपलं. पुढचं भांडण आबांच्या ओसरीवर, चहा घेऊन. असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. ज्या गावात तो नसतो, ते गाव आमच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेलं दिसतं.

मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करते. आबांचं गाव गोदाकाठचं. आमची पहिली ओळख झाली ती त्यांनी माझं अशील पळवलं तेव्हा. उमापूरच्या रस्त्याला दोन सख्ख्या भावांची सामाईक विहीर होती आणि पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. थोरला माझ्याकडे आला. मी रात्री जागून दावा तयार केला, आणि दाखल करायच्या आधीच दोघं भाऊ हसत हसत माझ्या टेबलासमोर हजर. मागे धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा.

"वकीलबाई, मिटलं. कागद फाडून टाका."

कसं मिटलं, तर आबांनी ऐन उन्हात विहिरीच्या कडेला मोटरीपाशी बाज टाकली होती. पाळी ठरल्याशिवाय उठत नाही म्हणाले, आणि ज्याला मोटर चालू करायची त्यानं माझ्या अंगावरून जावं. दिवस कलायच्या आत दोघांच्या बायकाच घाबरल्या. म्हातारा उन्हानं गेला तर पाप कुणाच्या माथी? त्यांनी आपापल्या नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि पाळी ठरली. माझी मेहनत पाण्यात गेली, तरी मला त्या माणसाचा राग काही केल्या येईना.

आबा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. त्यामुळे ठाण्यात त्यांचा वट. साहेब बदलला की पहिल्या आठवड्यात आबांना बोलावणं, खुर्ची, चहा. याचा त्यांना मोठा अभिमान. "ठाण्यात मला उभं ऱ्हावं लागत न्हाई," असं ते अधूनमधून काही कारण नसताना सांगायचे. मी म्हणायचे, "आबा, ती खुर्ची माझ्या अशिलांना द्या की कधी. त्यांना तर भिंतीला टेकूसुद्धा देत नाहीत." ते मिशीत हसायचे. "त्ये बी सांगतो साहेबाला. साहेब लई चांगला हाय."

त्यांचा धाकटा भाऊ लवकर वारला. त्याचा एकुलता एक मुलगा आबांनीच वाढवला. आबांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायकोही आधीच गेलेली. भावजय, पुतण्या आणि आबा, असं तिघांचं घर. पुतण्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. नदीच्या काठचा ट्रॅक्टर काय वाहतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वाळू कोण काढतं, ट्रॅक्टर कुणाचा, कुणाच्या आशीर्वादानं चालतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गोळी मात्र ड्रायव्हरला लागते.

एका पहाटे नदीच्या पात्रात पोलिसांनी छापा घातला. ट्रॅक्टरवर पुतण्या आणि वाळू भरणारे दोन मजूर होते. एका फौजदारानं गोळी घातली. मजूर पळाले, पुतण्या तिथंच गेला. दुपारपर्यंत ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, तो पुतण्यावर. त्यानं पोलिसांच्या अंगावर ट्रॅक्टर घालून खुनाचा प्रयत्न केला, सोबत दोन अनोळखी इसम होते, पोलिसांनी जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली. मेलेला माणूस आरोपी, आणि मारणाऱ्यावर गुन्हाच नाही. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी पुष्कळ फिर्यादी वाचल्या, पण ती वाचताना माझं डोकं फिरलं. शवविच्छेदनात गोळी पाठीत लागल्याचं निघालं. पाठ दाखवून ट्रॅक्टर अंगावर कसा घालतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सारं गाव दवाखान्यात जमलं. गरिबाच्या हातात अशा वेळी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मयत ताब्यात घ्यायची नाही. मयत दवाखान्यात आहे तोवर साहेब लोक येतात, पुढाऱ्यांचे फोन येतात, कुणीतरी ऐकून घेतं. पोराची आई शवागाराच्या पायरीवर बसली होती. एकच वाक्य बोलत होती, "गुन्हा झाल्याबिगर माझं लेकरू हितनं हलायचं न्हाई."

मग एक मोठे साहेब आले. ते गर्दीकडे गेले नाहीत, थेट आबांकडे आले, कारण ते आबांना ओळखत होते. त्यांनी आबांचा हात हातात घेतला. "आबा, उद्या दुपारच्या आत फौजदारावर गुन्हा दाखल करतो. हा माझा शब्द. दिवस उन्हाळ्याचे आहेत, देहाचे हाल करू नका."

आबांनी जन्मभर जे केलं, तेच केलं. भावजय आणि साहेब यांच्या मध्ये उभे राहिले. "बाई, साहेबानं शब्द दिलाय. मी मधी हाय. ऊठ."

ती उठली. आबांचा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. संध्याकाळी नदीच्या काठी पोराला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ठाण्यात गेले. साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी बंदोबस्तावर. पुढं भेटले तेव्हा म्हणाले, "आधी चौकशी होऊ द्या, मग बघू." आबांची खुर्ची तिथंच होती. तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला होता आणि तो कुणी उचलला नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, उभ्या उभ्या. मी बसा म्हणाले तरी त्या दिवशी ते माझ्याकडेही बसले नाहीत.

"वकीलबाई, साहेबानं शब्द दिला अन् पाळला न्हाई. त्याच्यावर केस करा."

"आबा, केस गोळीची करायची."

"गोळीची त कराच. पर आदी शब्दाची करा. माझ्या हातावर हात ठिवून दिलता. दवाखाना भरून साक्षीदार हायेत."

मी परोपरीनं सांगितलं, पण ते पुन्हा तिथंच. शेवटी माझा तोल गेला. "आबा, शब्दाला कोर्टात कुत्रंसुद्धा विचारत नाही!"

 खरंच न कळून विचारावं तसं ते म्हणाले, "मग तुमी तिथं बसून करता काय बाई?"

गोळी किती अंतरावरून झाडली, याबद्दल अहवालात एक ओळ नव्हती. दुसऱ्यांदा तपासणी मागता आली असती, पण मागायची कशाची? मी नुसतं विचारलं, "अग्नी दिला ना?" ते म्हणाले, "आमच्यात जाळत्यात." त्याच्या पुढं त्या विषयावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

पोलीस गुन्हा घेत नाहीत म्हणून आम्ही थेट कोर्टात फिर्याद केली, फौजदाराच्या नावानं. फिर्यादी आई असती तर बरं झालं असतं, पण आबा हटून बसले. "शब्द मी घेतलता. फिर्याद मीच देनार." त्यांना फार काही नको होतं. "फाशी द्या म्हनत न्हाई. त्याचं नाव आरोपी म्हनून कागदावर चढू द्या. मला घरात मान वर करून बसायचंय."

कारण घरात भावजय त्यांच्याशी बोलत नव्हती. थोरल्या दिरासमोर ती एरवीही पदर घेऊन कमीच बोलायची, पण भाकर वाढली, पाणी तापलं, एवढं तरी व्हायचं. आता ताट ओसरीवर यायचं आणि ती आत जायची. भांडण नाही, शिव्या नाहीत. जगातली सगळी भांडणं मिटवणाऱ्या माणसाला हे भांडण मिटवता येईना, कारण इथं मध्ये उभं राहायला जागाच नव्हती.

आणि कोर्टात काय झालं? सरकारी नोकरानं कामावर असताना केलेल्या कृत्यासाठी त्याच्यावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. ती आणा, मग पुढचं बघू. मी भांडले. पाठीत गोळी घालणं हे कामात कसं बसतं, असं विचारलं. ऐकून घेतलं आणि तारीख दिली. मंजुरीचा अर्ज वर गेला. तिथून खाली आला, खालून पुन्हा वर गेला. आबांना हे समजावून सांगताना मलाच माझी लाज वाटत होती.

ते म्हणाले, "म्हंजी ज्याच्या बैलानं माझं रान खाल्लं, त्यालाच इचारायचं, तुझा बैल कोंडवाड्यात घालू का म्हनून?"

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच संताप आला. आता नव्या कायद्यात म्हणे सरकारनं मुदतीत उत्तर दिलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. आमची फिर्याद जुन्या कायद्यातली, तिला ते लागू नाही, हा पलीकडच्या वकिलाचा मुद्दा. त्या मुद्द्यावरही तारखा पडल्या. तोवर शब्द देणारे साहेब बढती घेऊन बदलून गेले होते आणि फौजदार दुसऱ्या ठाण्यात रुजू होऊन व्यवस्थित पगार घेत होता.

खटल्याला साक्षीदार तर लागणारच. ते दोन मजूर शिरूर कासारकडचे. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. आबा त्यांना शोधत पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गेले. उसाच्या फडात एक जण सापडला. त्यानं आबांना उसाच्या मोळीवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला.

आबा म्हणाले, "कोर्टात ये. जे बघितलं त्येवढंच सांग."

तो म्हणाला, "आबा, मी तिथं व्हतो म्हनून सांगितलं की त्या दोन अनोळखी इसमांतला एक मीच. मलाच आत टाकत्यात. तुमीच सांगा, कसं येऊ?"

यात त्याची चूक काय होती? ज्यांनी खून पाहिला, तेच पोलिसांच्या कागदावर आरोपी. अशी व्यवस्था करायला डोकं लागतं, आणि ते नेमकं याच कामी चालतं.

आबा सवयीनं म्हणाले, "तुला कोन हात लावतंय बे? मी..." आणि थांबले. कारण चुलीपाशी बसलेली त्याची बायको वर बघत होती. ती म्हणाली, "आबा, दवाखान्यात आमी बी व्हतो."  तिनं चहा दिला. आबांनी तो पिऊन परतीची गाडी धरली.

त्यानंतर त्यांनी तंटामुक्तीचं पद सोडलं. कुणी बांधाचं भांडण घेऊन आलं की हात जोडायचे, "दुसरीकडं जा बाबांनो. मी आता कुनाच्या मधी न्हाई." बांध कोरले गेले, डोकी फुटली, आणि त्या गावातून माझ्याकडे अशिलं यायला लागली. आबांनी मध्ये पडणं सोडलं आणि माझी वकिली वाढली. हे मी त्यांना एकदा चेष्टेत बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत.

तारीख मात्र एकही चुकवली नाही. पुकारा झाला की उठायचे, पुढली तारीख ऐकायचे, मला हात जोडायचे आणि एसटी स्टँडकडे चालू लागायचे. उंच माणूस होता, पण वर्षागणिक वाकत गेला.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी अंत्यविधीला गेले होते. चार माणसं म्हणाली, पुण्यवान, त्रास न होता गेला. मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर तिथं भांडणच झालं असतं.

फिर्यादी मेला म्हणून फिर्याद मरत नाही, पण चालवायला कुणीतरी लागतं. मी घरी निरोप पाठवला. पुढल्या तारखेला भावजय आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कोर्टात आत यायची तिची पहिलीच वेळ. आबांच्या जागी तिचं नाव लावण्याचा अर्ज मंजूर झाला. मला वाटलं, निदान आज तरी पुढं काही होईल. मंजुरीचं उत्तर आलेलं नव्हतं. तारीख पडली.

आम्ही बाहेर आलो. ती पायरीवर थांबली.

"झालं व्हय बाई? ह्येवढंच?"

"एवढंच. आबाही एवढ्यासाठीच यायचे."

तिनं पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले. मग म्हणाली, "तारीख करून आलं की भाऊजी दाराबाहीर उभं ऱ्हायचे. आत यायचे न्हाईत. 'बाई, पुढली पडली,' म्हनायचे, अन् वसरीवर जाऊन बसायचे. दर तारखेला. मी चुलीम्होरं बसून ऐकायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "येकदा तरी 'बरं' म्हनायला पायजे व्हतं."

 मी म्हणाले, "चला, गावाकडची गाडी लागली असेल."

ती हलली नाही.

"आज पुढली पडली," ती म्हणाली. "आता घरी जाऊन मी कुनाला सांगू?"