तीन सारखी पदे

श्रीगणेशाला आणि जिच्या कृपेने जिभेवर शब्द टिकतो त्या वाग्देवीला वंदन करून, गेल्या वैशाखात धरमपेठेतील देवळात झालेल्या क्रमपाठाची आठवण लिहितो. त्या दिवशीचे भय लपवणार नाही.

क्रमपाठात वेदमंत्राचे पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी असे गुंफत जावे लागते. पोथी नसते. समोर ऐकणारा बसतो. चूक होताच त्याने तर्जनी उचलायची आणि म्हणणाऱ्याने अध्यायाच्या आरंभाकडे परतायचे, असा आमचा नियम. माझ्या अध्यायात तीन पदे दोन ठिकाणी अगदी सारखी येतात, मग वाटा वेगळ्या होतात. माघातल्या पाठात मी तेथे भलत्या वाटेने गेलो आणि आरंभापासून म्हणूनही खरी वाट सापडेना. पन्नास वर्षांचा पाठ! तेव्हापासून स्नान करताना, भाजी निवडताना ती पदे घशाशी येऊन थांबत. ही नुसती चूक, की स्मृती निघून जाण्याचा आरंभ? वैद्याला विचारण्याचेही धैर्य होईना. या वेळी चुकलो तर पुन्हा आसनावर बसायचे नाही, असे मी ठरवले होते.

निघताना पत्नी म्हणाली, "अहो, चष्मा काहून घेऊन राहिले? पाठाले चष्मा कायले लागते?"

मी चष्मा घेऊनच निघालो. खांद्यावरच्या पंच्याच्या घडीत त्या तीन पदांपुढची वाट लिहिलेला कागद होता.

ऐकायला माझा सहाध्यायी कामठीहून आला होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाणी पी गा. तोंड तर असं झालं, जसा मुंजीतला बटू!"

स्वर नीट ऐकू यावेत म्हणून कूलर बंद केला गेला. मी आरंभ केला. मुखात एक पद होते, मन मात्र धावत पुढे त्या तीन पदांपाशी जाऊन थरथरत उभे होते. मित्राची तर्जनी गुडघ्यावर निजलेली. मला दुसरे काही दिसेना. घडीत बोटे घातली, तर घामाने कागदाचा लगदा झालेला. आता आधार संपला. उरले ते मुखातले पद आणि त्याच्या लगतचे पद, एवढेच. त्या दोघांना धरून चाललो. श्वास लांबला. गाभाऱ्याच्या दगडातून माझाच स्वर परत येई आणि मी त्यावर पुढचा ठेवी. इतका आनंद तारुण्यातही झाला नव्हता. ती तीन पदे केव्हा गेली, कळलेच नाही.

आणि पुढे, बटूंनाही येते अशा सोप्या ठिकाणी, चुकलो. तर्जनी उठली. मी आसनावरून उठू लागलो.

"कुठं चालला गा?" मित्र हळूच म्हणाला. "पयलेपासून म्हण. मले काही घाई नाही, कामठीचा ऑटो रात्रीपर्यंत भेटते."

मी खाली बसलो. कागदाचा लगदा आसनामागे ठेवला. पुन्हा आरंभ केला. या वेळी ती तीन पदे येताना स्पष्ट दिसली. हृदय धडधडत होते, तरी एकेकाला हात धरून पलीकडे नेले. अध्याय पूर्ण झाला.

भय अजून गेलेले नाही. प्रत्येक एकादशीच्या पाठाला ते माझ्याआधी आसनापाशी येते. मी त्याच्या शेजारी बसतो आणि पहिले पद उच्चारतो. चष्मा घरीच असतो.

वाचका, तुझ्या मुखी वेळेवर योग्य शब्द येवो. न आल्यास पुन्हा आरंभ करू देणारे माणूस समोर असो. आणि तुझ्या घरातील थोरामोठ्यांची स्मृती, लेकरांचे आरोग्य व चुलीवरचे अन्न भगवंत सदैव राखो.