तळ्याच्या गवतातली पाखरं

माझ्या दोन म्हशी उन्हाळ्यात तळ्याकाठच्या गवतावर जगतात. आमच्या भूम तालुक्यात तेव्हा हिरवं म्हणून दुसरं दिसतंय काय? पाणी मागं सरकलं की चिखलात ते गुडघाभर वाढतं, आणि त्यात एक पाखरू राहतं. पतंगच तो, पण नखाएवढा, वाळल्या पात्याच्या रंगाचा. काडीला अंग चिकटवून बसला की डोळ्यापुढं असून दिसत नाही. त्याची अळी काडीच्या पोटात बसून गवत खाते. खाऊ दे की. म्हशींना काही कमी पडत नाही.

आमच्या चुलत दिरांना मात्र ते पाखरू बघवेना. त्यांचं मक्याचं रान तळ्याला लागून. लष्करी अळीनं एकदा मक्याची पार चाळणी केली, तेव्हापासून कुठलंही पाखरू उडालं की हे फवारणीचा पंप शोधतात.

"वैनी, इथनंच येतीय ती अळी."

"भावजी, ती येगळी. ही गवत सोडून कशाला तोंड लावत न्हाय."

"तुमाला लई कळतंय!"

लई नाही कळत, पण त्या गवतात रोज वाकते मी.

आमच्याकडं फवारणी झाली की औषधाची रिकामी बाटली काठीला उलटी टांगून बांधावर रोवतात. म्हणजे इथली वैरण कुणी कापायची नाही. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या बांधावर बाटली दिसली. मका फवारला असंल म्हणून मी सरळ गवतात शिरले. एरवी विळा घातला की पाखरं फडफडून जरा पुढं जाऊन बसतात. त्या दिवशी एकही उठलं नाही. वाकून बघितलं तर सगळी चिखलावर मरून पडलेली, आणि गवताला औषधाचा वास. ह्या शहाण्यानं तळ्याचा काठ फवारला होता, आणि काठ कुणाच्या मालकीचा नाही म्हणून बाटली आपल्याच बांधावर लावली होती!

तणतणत त्यांच्या दारात गेले.

"माझ्या म्हशी मारायच्या व्हत्या व्हय?"

"अवो, बाटली लावली व्हती की!"

आवाज ऐकून जाऊबाई गोठ्यातून बाहेर आल्या. अंगावर गवताची कुसळं.

"बाटली मक्याची न्हाय का?" त्या म्हणाल्या. "म्या तर सकाळीच भारा आणला तळ्यावरनं."

मी गोठ्यात पळाले. त्यांची गाय निवांत चघळत होती. जाऊबाईंनी पुढ्यातलं गवत ओढलं, मी तिच्या जबड्यात हात घालून घास काढायला लागले, आणि भावजी दारातच उभे राहून विचारत होते, "किती खाल्लं? वैनी, किती खाल्लं तिनं?"