वर्षाच्या हाती कार्ड

फुलसावंगीत मिरची-हळद दळून देणाऱ्या ममताबाईला गिरणीच्या घरघरीवर ओरडायची इतकी सवय, की घरातही ती त्याच पट्टीत बोलायची. बँकेनं दिलेलं क्रेडिट कार्ड तिनं लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिलं होतं. लेक वर्षा नर्सिंगला नागपूरला निघाली, तेव्हा कुठं ते कार्ड आठवलं. त्याच्यावर पोरीच्या नावानं आणखी एक कार्ड निघतं, खर्चाला मर्यादाही घालता येते, असं बँकेत कळलं.

"काही गरज नाही," नवरा खेमसिंग म्हणाला. "अठरा वर्षांची पोरगी. कार्ड हातात आलं की माणूस हुरळते. आपण नगद देऊ."

"अन् बिमार पडली तं? इथून नगद फेकसान काय तुम्ही?"

बोलायला बोलली, पण धाकधूक तिलाही होतीच. शेवटी तिनं बापलेकीला होस्टेलच्या सामानासाठी यवतमाळला पाठवलं, स्वतःचं कार्ड देऊन. पोरगी कशी वागते ते कळेल.

संध्याकाळी एसटीतून वर्षा उतरली ती बादली, सतरंजी आणि कुलूप घेऊन. मागून खेमसिंग. त्याच्या खांद्यावर कमरेएवढा, चाकं लावलेला, रंगीत दिव्यांचा स्पीकर!

"याडी, म्या तीनदा नाही म्हनलं," वर्षा आईला म्हणाली. "बा म्हने, खिशातून थोडीच जाते!"

"सेल होता," खेमसिंग पुटपुटला.

ममताबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दुसऱ्याच दिवशी तिनं बँकेत वर्षाच्या कार्डाचा अर्ज दिला.

वर्षा नागपूरला गेली. दीड महिना तिनं कार्ड वापरलंच नाही. मग एका दुपारी ममताबाईच्या फोनवर मेसेज आला: मेडिकल स्टोअर. तिनं गिरणी बंद केली आणि फोन लावला.

"काय झालं वं तुले?"

"मले काही नाही. खोलीतल्या पोरीले ताप भरला. तिचे घरचे गडचिरोलीहून निघाले हायेत. औषध घेतलं तिच्यासाठी. चाललं ना, याडी?"



"चाललं," ममताबाई म्हणाली, अगदी हळू. "तिले पेज करून दे. अन् तू जेवली का?"