चार वाजून दहा मिनिटांचं लॉगिन

१२ जानेवारी, सोमवार. दुपारचं काम — घरातल्या लिनक्स कॉम्प्युटरमधलं सगळं साफ करून ठेवणे. दुसऱ्या दिवशी शाळेचे सर तो न्यायला येणार होते.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कोरीटला मळ्यातल्या घरात दीड वर्ष एकटी राहते, दिवा मालवूनच झोपते.

कॉम्प्युटर ह्यांनी बसवलेला. ते जाऊन दीड वर्ष झालं. नवी सिस्टीम टाकली की काही सेवा न मागता चालूच असतात — प्रिंटरची, फाइल शेअरिंगची, दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची. लोकांच्या मशीनवर हे त्या सेवा सगळ्यात आधी बंद करायचे. आपल्या मशीनवर मात्र लॉगिन उघडं ठेवलं, खळ्यातल्या लॅपटॉपवरून पाण्याच्या पाळ्या लिहायला. कमांड मलाही त्यांनीच शिकवल्या.

सुरतहून मुलीचा फोन आला. "आई, पप्पानं खातं पहिले काढी टाक. पासवर्ड सर्वा गावले माहीत शे."

"कसा काय?"

"तुन्हंच नाव शे ना!"

"बरं... हासू नको, ठेव फोन."

नेटवर्कची वायर सकाळीच काढली होती. शेवटी ह्यांचं खातं काढून टाकायची कमांड दिली. मशीनने नकार दिला — हा वापरकर्ता आत्ता लॉगिन आहे.

लॉगमधली नोंद पाहिली. दहा मिनिटांपूर्वी, चार वाजून दहाला, खळ्यातल्या लॅपटॉपच्या पत्त्यावरून. पासवर्ड दोनदा चुकलेला, तिसऱ्यांदा बरोबर. चष्मा न लावता टाइप करायचे ते... दोनदा चुकायचंच.

वायर हातात घेतली — सुटीच. ह्या मशीनला वायफाय नाही. लॅपटॉप कपाटात, बॅटरी फुगली म्हणून मीच काढलेली.

लॉगिन तोडायला एक कमांड पुरते. दिली नाही. खुर्ची ओढून बसले. घरात दुसरं कोणी असलं की काय बोलायचं, हेच आठवेना. शेवटी त्यांच्या नावावर मेसेज पाठवला — काही लागतंय का? उत्तर नाही. मशीन चालू ठेवून जेवले, झोपले.

मुलगी म्हणते, घड्याळ चुकलं असेल. घड्याळ बरोबर होतं. कारण मला अजून सापडलेलं नाही.

सकाळी लॉगिन असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पहाटे सहा चाळीसला लॉगआउट — आपणहून. खातं काढून टाकायची कमांड पुन्हा दिली. ह्या वेळी मशीनने काही अडवलं नाही.

सर आले. "ताई, कॉम्प्युटर नक्की देवाना शे ना, का ठेवना शे?"

"लई जा, सर. सर्व बंद करेल शे."

ते गेल्यावर राउटरची पिन काढून ठेवली. घरात एकमेकांना जोडायला दोन मशीन उरली नव्हती.